टाच मोकळी, टाच बंद

प्रतापगडाच्या डोंगरावर बर्फ पडत नाही. गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्याचा हा कोपरा. आसपास नवेगावचे जंगल, इटियाडोहचे पाणी आणि धानाच्या बांध्या. महाशिवरात्रीला येथे मोठी यात्रा भरते. डोंगरावर महादेव आणि त्याच परिसरात ख्वाजा उस्मान गणी हारुनी यांचा दर्गा. गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर आणि पलीकडच्या छत्तीसगडातूनही माणसे येतात. तोवर हवेत उन्हाळा जाणवू लागलेला असतो. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो. स्कीच्या बाइंडिंगवर, म्हणजे बुटाला स्कीशी जोडणाऱ्या वीतभर यंत्रावर, लेख लिहायला ही जागा कोणाला विचित्र वाटेल. मला वाटत नाही, आणि त्याची कारणे आमच्याच भागातली आहेत.

पहिले कारण प्रतापगडाच्या पत्त्यावरच राहते. नोर्ग्येलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत येथे १९७२ मध्ये वसली. जगातल्या सर्वांत उंच पठारावरून निघालेली माणसे आणि त्यांची पुढची पिढी आमच्या तालुक्यात शेती करते आणि थंडी आली की लोकरी कपडे विकायला शहरोशहरी जाते. स्कीइंग हा काही त्यांचा पारंपरिक खेळ नव्हे. पण हिमालय ओलांडून आलेली माणसे येथे पन्नासहून अधिक वर्षे शेजारी म्हणून राहत असताना बर्फ ही फार लांबची गोष्ट आहे, असे आम्ही कसे म्हणावे?

दुसरे कारण शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातले. मे २०१८ मध्ये आदिवासी विकास विभागाच्या आश्रमशाळांतले पाच विद्यार्थी एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचले. ‘मिशन शौर्य’ हे त्या मोहिमेचे नाव. ज्या मुलांच्या गावात थंडीत शेकोटी पेटवणे एवढाच हिवाळ्याचा बंदोबस्त असतो, ती दार्जिलिंगला आणि लडाखला शिकली आणि ८,८४८ मीटरवर जाऊन आली. पूर्व विदर्भातल्या मुलांना बर्फाचे काय, हा प्रश्न तेव्हाच निकालात निघाला.

एव्हरेस्टवर चढणाऱ्याच्या बुटाखाली क्रॅम्पॉन असतो, पोलादी दातांची चौकट. पुढे चवड्यापाशी तिला तारेची कड असते आणि मागे टाचेवर दाबून बसवायची कळ. ती कळ नीट बसली की नाही हे चढणारा पुन्हा पुन्हा पाहतो, कारण हजार मीटरच्या उतारावर त्याचे आयुष्य तेवढ्या जोडावर असते. क्रॅम्पॉनला मात्र एकच काम: धरून ठेवणे. स्कीच्या बाइंडिंगला तीन कामे आहेत आणि ती एकमेकांच्या विरुद्ध जातात. चढताना टाच मोकळी सोडायची, उतरताना टाच घट्ट धरायची, आणि माणूस पडला की हाड मोडण्याच्या आत बूट सोडून द्यायचा. दुकानात गेलेला नवखा माणूस स्कीची लांबी बघतो, रंग बघतो, बूट चावतो का बघतो. बाइंडिंगकडे बघतच नाही. माझ्या मते त्याने आधी तेच बघायला हवे. एवढे सांगण्यासाठी हा लेख.

०००

२०१४ मध्ये नॉर्वेतल्या डिगरवार्डेन डोंगरावरचा जुना बर्फ वितळत असताना पुरातत्त्वज्ञांना एक लाकडी स्की सापडली. त्यांनी त्या जागेवर नजर ठेवली. सात वर्षांनी, २०२१ मध्ये, पहिल्या जागेपासून अवघ्या पाच मीटरवर जोडीतली दुसरी मिळाली. वय सुमारे १,३०० वर्षे. याहून कितीतरी जुन्या स्कींचे तुकडे स्वीडन आणि रशियात मिळाले आहेत, काही तर हजारो वर्षांनी जुने. पण डिगरवार्डेनच्या जोडीवर पाय बांधायची रचनाही टिकून राहिली आहे. पाय ठेवायची जागा जरा उंच कोरलेली, तिच्यातून आडवे भोक, त्यात भूर्जाच्या पिळलेल्या फांद्या आणि चामड्याचा पट्टा. वापरून झिजलेली आणि मग दुरुस्त केलेली ही जोडी. कोणा अज्ञात माणसाने तेराशे वर्षांपूर्वी डोंगरात बसून आपले बाइंडिंग नीट केले होते, हे मला कोणत्याही राजाच्या मुकुटाहून मोलाचे वाटते.

चीन, मंगोलिया, रशिया आणि कझाकस्तान यांच्या सीमा जिथे जवळ येतात त्या अल्ताई पर्वतात घोड्याचे कातडे लावलेल्या रुंद स्की अजून बनवतात. कातड्याचे केस मागच्या दिशेला झुकलेले असतात. पुढे सरकताना ते आडवे पडतात. स्की मागे घसरू लागली की उभे राहून बर्फात रुततात. बाइंडिंग म्हणजे चामड्याचे पट्टे. आज डोंगरी स्कीइंग करणारे चढताना स्कीच्या तळाला ‘स्किन’ चिकटवतात, ती याच युक्तीची वारस. एकेकाळी ती सीलच्या कातड्याची असे, आता मोहेर लोकरीची किंवा नायलॉनची असते. म्हणजे चढण्याचे कोडे आशियातल्या शिकाऱ्यांनी फार पूर्वीच सोडवले होते.

त्या सगळ्या जुन्या रचनांत टाच मोकळी आहे. आपल्याकडे खडावा घालून चालणारा साधू पाहिला असेल तर हे चटकन ध्यानात येईल. अंगठा आणि शेजारचे बोट यांच्यामध्ये एक खुंटी, बाकी पाऊल मोकळे. पाय उचलला की आधी टाच वर येते आणि लाकूड तिच्यामागून. सपाटीवर आणि चढावर स्की अशीच चालते, पुढे धरलेली आणि मागे सुटी. पण खडावा घालून डोंगरउतारावरून कोणी धावत नाही. उतारावर वेगात वळायचे तर स्कीची कड बर्फात दाबावी लागते, आणि तो दाब पायातून स्कीपर्यंत पोहोचवायला टाचेवर ताबा हवा.

नॉर्वेच्या टेलेमार्क भागात, मोर्गेडाल नावाच्या खेड्यात, सोंद्रे नोरहाइम (१८२५–१८९७) नावाचा गरीब कूळ शेतकरी राहत होता. त्याने विलोच्या लवचिक फांद्या पिळून टाचेभोवती नेल्या. टाच उचलता येई, पण बूट बाजूला सरकत नसे. उड्या मारणे, वळणे, थांबणे त्याला जमू लागले. १८६८ मध्ये ख्रिस्तियानियाच्या, म्हणजे आजच्या ओस्लोच्या, स्पर्धेत चाळिशी उलटलेल्या नोरहाइमने राजधानीला थक्क केले. १८८४ मध्ये तो अमेरिकेला गेला आणि तिथेच वारला. आधुनिक स्कीइंगचा पाया ज्याने घातला तो माणूस आयुष्यभर गरीबच राहिला.

पुढचा वळसा आल्प्समधला. १८८८ मध्ये नॉर्वेच्या शोधप्रवासी नान्सेनने स्कीवर ग्रीनलंड ओलांडले आणि मध्य युरोपात स्कीचे वेड पसरले. पण नॉर्वेच्या लांब, सौम्य उतारांसाठी बनलेली स्की आल्प्सच्या उभ्या कड्यांवर ऐकेना. ऑस्ट्रियातल्या लिलिएनफेल्डच्या मातियास झ्दार्स्कीने चामडे आणि फांद्या टाकून पोलादी तळपट्टी आणि स्प्रिंग आणली. नॉर्वेच्या फ्रिट्झ हुइटफेल्टने चवड्याला दोन्ही बाजूंनी पकडणारे लोखंडी कान बसवले. १९३०च्या सुमारास स्वित्झर्लंडच्या गुइडो रॉयगेने टाचेमागून जाणारी तार आणि स्प्रिंग यांचे ‘कांडाहार’ बाइंडिंग काढले. यात एक सोपी, मोठी सोय होती. स्कीच्या बाजूच्या आकड्यांत तार अडकवली की टाच खाली दाबून धरली जाई. काढली की मोकळी. चढताना एक रचना आणि उतरताना दुसरी, एकाच यंत्रात. आजच्या डोंगरी बाइंडिंगचे हे आजोबा.

०००

टाच घट्ट धरली गेली आणि पाय मोडू लागले. पडताना लांब स्की एका बाजूला वळते, बूट तिच्याशी जखडलेला असतो आणि शरीर दुसरीकडे जाते. मधली नडगी पिळली जाऊन मोडते. त्या काळी स्कीच्या गावांत प्लास्टर घातलेले पाय हे नेहमीचे दृश्य होते.

याल्मार व्हाम हा नॉर्वेत जन्मलेला आणि अमेरिकेत ऑरेगॉनला स्थायिक झालेला अव्वल स्कीपटू. १९३७ मध्ये माउंट हूडवर त्याचा पाय मोडला. इस्पितळात पडल्या पडल्या त्याला एक कल्पना सुचली आणि त्याने कागद-पेन्सिल मागवून ती काढून ठेवली, असे सांगतात. पिळणारा जोर ठरावीक मर्यादेबाहेर गेला की चवडा बाजूला सुटेल, असे ते बाइंडिंग. व्हामने स्वतः दुकान थाटून ते विकले. स्कीइंगच्या इतिहासात जगज्जेत्यांची नावे भरपूर आहेत, पण ज्यांचे पाय व्हाममुळे शाबूत राहिले त्यांची मोजदाद कोणी केलेली नाही.

१९५०च्या आगेमागे फ्रान्समध्ये ज्याँ बेल आणि जर्मनीत हानेस मार्कर यांनी हीच कल्पना पक्क्या यांत्रिक रूपात आणली. लुक, मार्कर, सालोमन, टिरोलिया ही नावे तेव्हापासून दुकानांत आहेत. आजच्या साध्या बाइंडिंगचा पुढचा भाग बुटाला बाजूला सोडतो, पिळ पडला तर. मागचा भाग वर सोडतो, माणूस तोंडघशी पडला तर. दोन्हींत स्प्रिंग असते आणि ती किती ताणायची ते एका स्क्रूवर ठरते. बाजूच्या खिडकीत आकडा दिसतो. या आकड्याला बाजारात ‘डिन’ म्हणतात, जर्मन मानक संस्थेच्या नावावरून. लहान मुलांना एक-दोन, सर्वसाधारण प्रौढांना चार ते आठच्या आसपास, स्पर्धकांच्या बाइंडिंगवर सोळा-अठरापर्यंत.

हा आकडा अंदाजाने ठेवायचा नसतो. वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची मिलिमीटरमधली लांबी आणि स्कीइंगची शैली यांवरून तक्त्यात तो काढतात. बुटाची लांबी कशाला, असा प्रश्न पडतो. तळ जितका लांब तितका तरफेचा हात लांब, म्हणून तेवढाच पिळ सोडायला आकडा कमी लागतो. म्हणजे एकाच वजनाच्या दोघांना, एकाचा बूट मोठा म्हणून, वेगवेगळे आकडे. पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी तक्ता एक पायरी खाली उतरतो, कारण हाड तेवढे सोसत नाही.

अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये एटलिंगर, जॉन्सन आणि शिली या संशोधकांनी १९७२ पासून एका स्की केंद्रावरच्या दुखापतींची नोंद ठेवली, आणि ती कित्येक दशके चालवली. नडगी मोडण्याचे प्रमाण त्यांच्या डोळ्यांदेखत कोसळले. त्याच काळात गुडघ्यातला पुढचा अस्थिबंध तुटण्याचे प्रमाण मात्र वाढले. बाइंडिंगने हाड वाचवले, गुडघा अजून पूर्ण वाचवता आलेला नाही. हे काम संपलेले नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे.

०००

आता खऱ्या डोंगरात जाऊ. रोपवे, पाळणा, आखलेल्या वाटा यांच्यापलीकडे, जिथे आपल्या पायांनी चढून मग उतरायचे. याला ‘बॅककंट्री’ म्हणतात. आमच्या यात्रेकरूला हा हिशोब समजावून सांगावा लागत नाही. वर पोहोचवायला कोणी येत नाही, प्रत्येक पाऊल आपले आपण उचलायचे. म्हणून वजन.

विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत डोंगरी स्कीइंगसाठी चौकटीची बाइंडिंग चालत. साधे बाइंडिंग एका पट्टीवर बसवायचे आणि ती पट्टी चवड्यापाशी बिजागरीवर. चढताना पट्टी मागून सोडायची, उतरताना अडकवायची. १९९५च्या सुमारास आलेले स्विस कंपनी फ्रिट्शीचे ‘डायामिर’ हे यातले गाजलेले नाव. भरवशाचे, पण यातली अडचण पाऊल उचलताच कळते. टाचेबरोबर अख्खी चौकट वर येते. एक पाऊल, दोन पावले, काही नाही. हजार मीटरच्या चढाईत हजारो पावले पडतात, आणि प्रत्येक पावलाला ते लोखंड मांडीने उचलायचे.

ऑस्ट्रियाचा फ्रिट्झ बार्टेल १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला माँ ब्लाँवरच्या स्की-मोहिमेत असाच दमला. घरी येऊन त्याने वेगळाच विचार केला. बूट आधीच कठीण प्लॅस्टिकचा आहे. मग चौकट हवीच कशाला? बूटच चौकट. बुटाच्या पुढच्या टोकाला दोन्ही बाजूंना पोलादी खळगे बसवायचे आणि बाइंडिंगच्या दोन लहान हातांवरच्या टोकदार पिना त्या खळग्यांत दोन्हीकडून दाबून धरायच्या. बूट त्या पिनांवरच डुलतो, टाच वर-खाली होते. मागे एक बुटका खांब, त्यातून पुढे आलेले दोन दांडे. उतरताना ते बुटाच्या टाचेतल्या खाचेत घुसतात. चढताना खांब फिरवला की दांडे बाजूला होतात. टाचेचा भाग स्कीवरच राहतो, पायाबरोबर उचलावा लागत नाही. १९८४ मध्ये त्याने पेटंट घेतले. पुढे डायनाफिट कंपनीने ते उचलले. सुरुवातीला लोकांचा विश्वास बसेना, एवढ्याशा पिनांवर डोंगर उतरायचा? आज जगभर याला ‘पिन’ किंवा ‘टेक’ बाइंडिंग म्हणतात आणि पेटंटची मुदत संपल्यावर इटलीची एटीके, फ्रान्सची प्लम अशा कितीतरी कंपन्या ते बनवू लागल्या. शर्यतीसाठीचे एक बाइंडिंग दीडशे ग्रॅमच्या आसपास, कधी त्याहूनही हलके असते.

ते चालते कसे हे नीट बघण्यासारखे आहे. पुढचे दोन हात एका स्प्रिंगवर असतात आणि मधला बिंदू ओलांडला की आपोआप उघडतात किंवा आपोआप मिटतात. बुटाने खालची कळ दाबली की हात मिटून पिना खळग्यांत बसतात. पडताना पिळ बसला तर मागचा खांब बाजूला फिरतो आणि टाच आधी सुटते, मग चवडा. साध्या बाइंडिंगमध्ये चवडा आधी सुटतो, येथे उलट. आणि पुढे चढाईसाठी एक खिट्टी असते. ती वर ओढली की हात कुलूपबंद. मग चवडा सुटतच नाही.

दोन धोके येथूनच सुरू होतात. पहिला बर्फाचा. पुढच्या स्प्रिंगखाली दाबलेला बर्फ गोठून बसला तर हात पूर्ण मिटत नाहीत. पिना बसल्यासारख्या वाटतात, पहिल्या जोरकस वळणाला बूट निसटतो. म्हणून जाणकार काठीच्या टोकाने तो बर्फ आधी खरवडतात आणि पिनांत अडकवल्यावर टाच मोकळी ठेवून पाय पाच-सहा वेळा पुढेमागे हलवतात, म्हणजे खळग्यातला बर्फ निघून जातो. साधी सवय आहे, पण तिच्यावाचून अपघात झालेले आहेत. दुसरा धोका हिमस्खलनाचा. कुलूप लावून चढत असताना वरचा उतार सुटला, तर स्की पायाला जखडलेल्याच राहतात, नांगरासारख्या खाली ओढतात. कुलूप केव्हा लावायचे हे शिकवता येते. कुठे लावायचे नाही, हे उतार वाचता येणाऱ्यालाच कळते.

०००

डोंगर जसजसा उभा होत जातो तसतसा बाइंडिंगचा धर्म उलटतो. सौम्य उतारावर पडल्यावर ते सुटले पाहिजे. पन्नास अंशांच्या बर्फाळ भिंतीवर, खाली कडा असताना, ते नको तेव्हा सुटले तर माणूस संपला. एका पायातली स्की गेली की वळता येत नाही, थांबता येत नाही. म्हणून अशा उतारावर काही जण पुढची खिट्टी कुलूपबंद ठेवूनच उतरतात. पडायचे नाही, हाच तिथला नियम. त्यांचे नाते स्प्रिंगशी नसते, स्वतःच्या पायांच्या शिस्तीशी असते.

हिमालयाला याचा अनुभव आहे. ६ मे १९७० रोजी जपानच्या युइचिरो मिउराने एव्हरेस्टच्या साउथ कोलवरून पाठीला पॅराशूट बांधून स्की सोडली, पडला, घसरत गेला आणि खोल भेगेच्या अलीकडे थांबला. त्या मोहिमेत हिमप्रपातात सहा शेर्पा मारले गेले होते, हे त्या पराक्रमासोबत नेहमी सांगितले पाहिजे. ७ ऑक्टोबर २००० रोजी स्लोव्हेनियाचा दावो कार्निचार एव्हरेस्टच्या माथ्यावरून तळछावणीपर्यंत स्की न काढता उतरला. २२ जुलै २०१८ रोजी पोलंडचा आंद्जेय बार्गिएल के-टू उतरला, सप्टेंबर २०२५ मध्ये एव्हरेस्ट, कृत्रिम प्राणवायूशिवाय. त्यांची नावे शिखरांबरोबर छापली जातात. त्या प्रत्येक वळणाला चार पिना किंवा दोन स्प्रिंगा आपले काम करत होत्या.

उलट बाजूही आहे. अमेरिकेचा शेन मॅककाँकी हा मोठ्या पर्वतांवरच्या स्कीइंगचा चेहरामोहरा बदलणारा माणूस. कड्यावरून स्कीसह उडी घेऊन हवेत स्की सोडायच्या आणि मग उडत उतरायचे, हा त्याचा प्रकार. २६ मार्च २००९ रोजी इटलीच्या डोलोमाइट पर्वतात स्की वेळेवर सुटल्या नाहीत आणि तो गेला. सुटायला हवे तेव्हा न सुटणे, सुटायला नको तेव्हा सुटणे. बाइंडिंग बनवणारे व्हामच्या काळापासून या दोन मरणांच्या मधली जागा शोधत आहेत.

गेल्या दहा-बारा वर्षांत त्यांनी ही जागा अधिक रुंद केली आहे. २०१४च्या सुमारास मार्करने पुढे पिना आणि मागे साध्या बाइंडिंगसारखी भक्कम टाच असलेले ‘किंगपिन’ आणले. २०१८ मध्ये सालोमनचे ‘शिफ्ट’ आले: चढताना पिना, वर पोहोचल्यावर पुढचा भाग उलगडला की पूर्ण साधे बाइंडिंग, बाजूला सोडणारे. वजन पिनांहून जास्त, चौकटीहून पुष्कळ कमी. मोठ्या डोंगरावर वेगात उतरणाऱ्यांना हे भावले. दिवसभर चालणाऱ्या आणि थोडे उतरणाऱ्याने मात्र त्याच्या वाटेला जाऊ नये, असे माझे मत. ज्याला जितके चढायचे त्याने तितके हलके घ्यावे, ज्याला जितक्या जोरात उतरायचे त्याने तितके भक्कम. दोन्ही पूर्ण हवे असणाऱ्यासाठी अजून काही बनलेले नाही.

०००

भारतात स्कीइंगची जागा म्हणजे आधी गुलमर्ग. १९२७ मध्ये ब्रिटिश अधिकाऱ्यांनी तिथे स्की क्लब काढला. १९४८ मध्ये लष्कराने स्की शाळा सुरू केली. तिचीच पुढे हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल झाली. आपल्या सैनिकांसाठी स्की हे शर्यतीचे साधन नव्हते, बर्फात चौकीपर्यंत पोहोचायचे होते. म्हणजे भारतातले डोंगरी स्कीइंग मुळात गणवेशातले.

त्या शाळेचे प्रमुख राहिलेले कर्नल नरेंद्र कुमार यांची गोष्ट पायांची आहे. १९६१ मध्ये नीलकंठ मोहिमेत हिमदंशाने त्यांच्या पायाची चार बोटे गेली. चवड्याची बोटे गेली तर स्कीवर तोल कसा सावरायचा, याची कल्पना कोणीही करून पाहावी. १९६५ च्या एव्हरेस्ट मोहिमेत ते उपनेते होते आणि १९७८ मध्ये त्यांनी सियाचेन हिमनदीवर मोहीम नेली. त्यांची मुलगी शैलजा कुमार १९८८ मध्ये कॅलगरीच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये उतरली, ती पहिली भारतीय महिला. २०२२ मध्ये बीजिंगला मोहम्मद आरिफ खान जायंट स्लालममध्ये पंचेचाळिसावा आला. गुलमर्गच्या पायथ्याशी त्याच्या वडिलांचे स्कीच्या सामानाचे दुकान. आणि कोडगूसारख्या कॉफीच्या प्रदेशातून आलेली भवानी तेक्कडा नॉर्डिक स्कीइंगमध्ये राष्ट्रीय पदके मिळवते. टाच मोकळी ठेवून धावायचा हा प्रकार. बर्फ न पडणाऱ्या गावातून स्कीपटू निघतो, याला आता पुरावा हवा असेल तर ती आहे.

२०२६च्या मिलान-कोर्तिना हिवाळी ऑलिंपिकमध्ये स्की माउंटेनिअरिंग प्रथमच आले. स्किन लावून चढायचे, स्की पाठीला बांधून पायऱ्या चढायच्या, स्किन काढून उतरायचे. स्पर्धकांच्या स्कीवर बार्टेलच्याच कल्पनेची, पिसासारखी हलकी बाइंडिंग होती. ताकद, दम आणि हाताची चपळाई यांचा हा खेळ आमच्या भागातल्या मुलांना जमेल असे मला मनापासून वाटते. चढण्याचा दम त्यांच्याकडे आहे, हे चंद्रपूरच्या मुलांनी दाखवले. त्यांना बर्फावरचा एक-दोन हिवाळ्यांचा सराव आणि चांगले सामान मिळाले पाहिजे. आदिवासी विकास विभागाने एव्हरेस्टसाठी जे केले ते गुलमर्ग किंवा औलीसाठी करायला खर्च कमी लागेल आणि धोकाही कमी.

आणि जे आपणहून जातात, आपल्या पैशाने, त्यांच्यासाठी दोन शब्द. पुण्या-मुंबईहून आणि आता नागपूरहूनही गुलमर्गला, औलीला स्कीइंगच्या कोर्सला मुले जाऊ लागली आहेत. गुलमर्गचा गंडोला, म्हणजे रोपवे, जवळपास चार हजार मीटरवर नेऊन सोडतो. तिथून चार पावले बाजूला गेले की बॅककंट्री सुरू. भाड्याच्या दुकानात गर्दीच्या सकाळी काय होते ते मी पाहिले आहे. बूट पायाला बसला की मुलगा खूश, दुकानदार मोकळा. बाइंडिंगवरचा आकडा आधीच्या गिऱ्हाइकाचा असतो. सत्तर किलोच्या माणसासाठी ताणलेली स्प्रिंग पंचेचाळीस किलोच्या मुलीच्या पायाखाली जाते, आणि ती पडली तर सुटत नाही.

तेव्हा आकडा समोर लावून घ्या. वजन खरे सांगा, वय खरे सांगा, आणि स्कीइंग किती येते हेही खरे सांगा. जास्त येते असे सांगून आकडा वाढवून घेतला तर मोडणारा पाय आपलाच. बुटाचा तळ बघा. चालण्यासाठीचा गोलसर रबरी तळ साध्या बाइंडिंगमध्ये अडकून बसतो आणि सुटायला हवा तेव्हा सुटत नाही. दुकानदार हो म्हणाला तरी असा बूट त्यात घालू नका. पिनांचे बाइंडिंग असेल तर बर्फ खरवडायला काठी आणि टाच हलवायला अर्धा मिनिट राखून ठेवा. कुलपाची खिट्टी उतरण्याआधी खाली करा. आणि दुपारी बूट बदलून दुसरा घेतलात, तर आकडा पुन्हा लावून घ्या.